डमी अर्ज

२ नोव्हेंबर
जि. प. गटाचं आरक्षण निघालं. सर्वसाधारण. हे फोन ठेवून म्हणाले, "सुटलो एकदाचे." मागच्या वेळी गट महिलांचा होता म्हणून पाच वर्षं सदस्य मी, सही माझी, खुर्चीत हे. आता खुला म्हणजे पुरुषांचा, असं सगळे धरूनच चाललेत. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं, तुजी कटकट गेली." पेढा खाल्ला. कडू लागला नाही, उगाच खोटं कशाला लिहू. पण दुसरा घेतला नाही.

५ नोव्हेंबर
ऊसतोडीची टोळी निघाली. ट्रॅक्टरवर भांडी, शेळी, लेकरं. सुमननं चढता चढता हात धरला. "मॅडम, तुमी होता तवा लेकरं हितं वसतिगृहात ठिवून गेलतो. औंदा कुटं ठिवू?" तिची थोरली सातवीत. वसतिगृह दोन हंगाम बंद. मी "बघू" म्हणाले. माझ्या हातात आता आहेच काय.

६ नोव्हेंबर
ते तीन महिने आठवत बसले. यांना डेंग्यू, पाठोपाठ कावीळ. नाइलाजानं मी एकटी बीडला, जि. प.त. पहिल्या दिवशी शिपायानं विचारलं, "साहेब न्हाई आले?" तिसऱ्या आठवड्यात शिक्षण विभागात ठाण मांडून वसतिगृहाची फाईल हलवली. दारात लोक, चहा गार व्हायचा, रात्री मेल्यासारखी झोप. मग हे बरे झाले. मी परत चुलीपाशी.
यांच्यासाठी नवस बोलले होते, मनापासून. तरी आजारपण थोडं लांबलं असतं तर, असंही वाटलं होतं. देवा, माफ कर. पण वाटलं होतं.
मला ती खुर्ची हवी आहे. कुठं तरी लिहून टाकावं म्हणून इथं.

१६ जाने.
अर्ज भरले. यांचा पक्षाकडून. वकील म्हणाले, वहिनींचाही अपक्ष भरून ठेवा, साहेबांचा छाननीत उडाला तर हाताशी असू द्या. डमी. इकडची रीतच ही, पंगतीत एक पान जास्तीचं मांडतात तसा बायकोचा अर्ज. व्यवसायापुढे यांनी 'गृहिणी' लिहिलं. मी 'शेती' करायला लावलं. एवढ्यावरून गेवराईपासून घरापर्यंत अबोला.

२० जाने.
छाननी. दोन्ही अर्ज वैध. यांना हार घातले. भिंतीवरच्या यादीत माझं नाव वाचलं. कोणी बघत नाही असं पाहून पुन्हा वाचलं.
हे म्हणाले, "पुढच्या मंगळवारी माघार घ्यायची तुला. सही तुझीच लागती."

२२ जाने.
सुमनचा फोन, उसाच्या फडातून. "मतदानाला आमाला आनायला गाडी येनार हाय म्हनं. तुमीच उभ्या ना?" सांगितलं, साहेब उभे आहेत. मग, "आमी कावून यावं मग?" मागं कोयत्यांचा आवाज. थोरलीच्या हातात कोयता दिलाय का, विचारायचं होतं. धीर झाला नाही.
जेवताना यांना म्हणाले, मीच उभी राहिले तर? हसले. मी हसत नाही हे बघून ताट सरकवलं. "नवरा-बायको आमनेसामने. अख्खा तालुका हसंल."
माणूस वाईट नाही. काविळीत माझा हात धरून झोपायचे. त्या हाताचीही ओढ आहे, तीच तर पंचाईत.

२७ जाने., मंगळवार
तहसीलच्या बाकड्यावर बसून लिहितेय. माघारीचा अर्ज यांनीच भरून दिलाय, सही तेवढी बाकी. तीनला मुदत संपते. आतल्या अधिकारी बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. नियमाप्रमाणं विचारलं, "माघार स्वतःच्या इच्छेनंच ना?" इच्छा कोणी विचारेल असं धरून आलेच नव्हते. म्हणाले, जरा बसते.
दोनला हे आले. पाण्याची बाटली ठेवून गेले.
पावणेतीन. समजा सही केली नाही. भांडायचं नाही, भाषण नाही, कुणाच्या पाया पडायचं नाही. पंधरा मिनिटं नुसती बसून राहिले तरी मी उमेदवार राहते. हे आत्ता लक्षात आलं.
हे जिना चढून येतायत.