पूजाचा पाऊस

प्रिय विनीत,

‘प्रिय’ हा शब्द माझा नाही, लिहिणारीचा. मी ‘बैलोबा’ सांगितलं होतं. ती म्हणाली, पत्रात तसं लिहीत नाहीत. मला अक्षर येत नाही म्हणून काय लिहायचं नि काय नाही, तेही आता दुसऱ्यांनी ठरवायचं. असो. फोनवर मी शाळेचं नाव काढलं की तुझा आवाज तुटायला लागतो. जेवणाचं विचारलं की मात्र नीट ऐकू येतं. पत्राचा आवाज तुटत नाही, म्हणून हा खटाटोप.

भात कापून झालं. तुझ्या आजोबांचा गुडघा आहे तसाच आहे आणि त्यांची जीभही. तुझी आत्या सांगत होती, तू डोंबिवलीत कुरियरच्या दुकानात पाकिटांवर शिक्के मारतोस. चांगलं आहे. पाकिटं प्रश्न विचारत नाहीत. पण अरे, पोरांनी प्रश्न विचारावेत म्हणून तर तू मास्तर झालास. आषाढात वीर स्टेशनात गाडीत बसलास तो गणपतीलाही आला नाहीस. पुन्हा शिकवणार नाही, असं म्हणतोस म्हणे. हे मला आत्याकडून कळावं?

शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मोठ्या गुरुजींनी त्याला टेबलक्लॉथ पांघरून ठेवलं होतं, आठवतं? घरात नवी सून आली तरी इतकं झाकत नाहीत. तू कापड ओढलंस आणि पोरांना विचारलंस, तुम्हाला काय हवंय ते सांगा, आपण ह्याला विचारू. पोरं कुणाची, आपल्याच गावची. म्हणाली, उद्या ओढ्यावरच्या साकवावर पाणी येईल का ते सांगायला सांगा. मग तू माझी तेलाची बाटली कापलीस, न विचारता, आणि तिला पट्टी चिकटवून पाऊस मोजायला लावलंस. ओढ्यापलीकडच्या वाडीसाठीची बाटली तुझ्या वर्गातल्या पूजाच्या अंगणात ठेवलीस. रोज सकाळी ती आकडा आणायची आणि स्वतःच्या हातांनी कॉम्प्युटरात घालायची. मला ओढत नेऊन पडद्यावरचे रोजच्या पावसाचे उभे पट्टे दाखवले होते तिने. मी म्हटलं, हा कसला पाऊस, ह्या तर भाताच्या उडव्या रचल्यात ओळीने. किती हसली होती. मग सांगत बसली, अमुक उंचीच्या वर उडवी गेली की साकव बुडतो आजी, त्या दिवशी वाडीतल्या पोरांनी घरी राहायचं. अख्ख्या गावाला जे डोळ्यांनी बघून कळायचं ते ह्यांना घटकाभर आधी कळायला लागलं. एकदा कमरेवर हात ठेवून मलाच अडवलं तिने: “आजी, आज पलीकडं जायचं नाय गो. बाटली भरलीय.” आणि मी, तुझ्या आजोबांचं न ऐकणारी, तिचं ऐकून मागे फिरले.

त्या सकाळी काय झालं ते तुला ठाऊक आहे, पण तुला जे वाटतं ते खरं नाही, म्हणून सांगते. आकडा पोचवायला म्हणून पोर पाण्यात शिरली, असं तू धरून बसलायस. ती साकवावर गेलीच नव्हती. बाटली बघितली, आणि वाडीची पोरं शाळेला येतील म्हणून साकवाच्या तोंडाशी उभी राहिली. एकेकाला माघारी धाडलं. सगळी घरी पोचली. मग तिच्या पायाखालचा काठच खचला. काठ खचेल हे तुझ्या कॉम्प्युटरला माहीत नव्हतं, मला नव्हतं, आणि जन्म त्या ओढ्याकाठी गेलेल्या तिच्या आईलाही नव्हतं.

आता ऐक, आणि पत्र खाली ठेवू नकोस. हे लिहायला माझ्यासमोर कमळाबाई बसलीय. पूजाची आई. मघाचं काठाचं तिनेच लिहिलंय. मी म्हटलं, तेवढं राहू दे गो, मी ते फोनवर सांगेन. म्हणाली, सांगा तुम्ही, मी लिहिते. सातवीपर्यंत शिकलेली बाई, अक्षर बघ कसं सरळ आहे. माझंच बोलणं मध्ये अडलं, तिचा हात अडला नाही.

तू गेल्यापासून कॉम्प्युटर बंद आहे. त्याला उघडायचा शब्द तुलाच ठाऊक. तो टाकताना पोरांना भिंतीकडे तोंड करायला लावायचास ना? पाटीपूजनाला मात्र शाळेने त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. तू असताना त्याचं काम व्हायचं, आता नुसती आरती होते. दुसऱ्या दिवशी कुणा पोराने कमळाबाईला सांगितलं, काकी, पूजा कॉम्प्युटरात हाय. तिच्या नावाचं काहीतरी आत ठेवलेलं आहे म्हणतात, सगळ्या उडव्या. ही हातातलं काम टाकून तशीच शाळेत गेली. गोमाजी शिपायाला म्हणाली, मला कॉम्प्युटरातली पूजा बघायचीय. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, उशीर झाला बाई, पूजा कालच झाली. आणि तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. ती तो घेऊन माझ्याकडे आली. खाल्ला नव्हता, टाकवतही नव्हता. हे ऐकून मला आधी हसू आलं विनीत, खरं सांगते, आणि मग मी तिच्याआधी रडले.

तिने तुला माफ केलंय, असं मी लिहायला सांगणार होते. तिने लिहिलं नाही. मी विचारलं, राग गेला नाही का? म्हणाली, “नाय गेला. राग हाय तो हाय. पण सरांनी येऊन ते उघडून तर द्यावं.” आणि आणखी एक. त्या सकाळी दाराबाहेर पडताना पूजाने बाटलीचा आकडा आईला ओरडून सांगितला होता. तो अजून कुठेच घातलेला नाही. ज्या दिवसाची उडवी सगळ्यांत उंच, तीच जागा रिकामी आहे; मग पुढच्या पावसात पोरांनी कशावरून ओळखायचं? मी म्हटलं, लिही तो आकडा इथेच, म्हणजे काम होईल. तिने लेखणी खाली ठेवली. म्हणते, तो कागदावर नाही लिहायचा, सर आले की त्यांच्याशेजारी बसून मीच घालीन. तेव्हा बाबा, तू ये. तिच्याकडे बघवलं नाही तर नको बघूस, कॉम्प्युटरकडे बघ. पण ये. तो आकडा ती दिवसभर तोंडातल्या तोंडात म्हणत असते, विसरायला होऊ नये म्हणून.

तुझीच, तुला बैलोबाच म्हणणारी,
आजी