खालच्या मजल्याचे भाडेकरू

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
बेबीचा सा. न. वि. वि.

आधी बसून घे, मग पुढे वाच. तुझ्या बरोब्बर खालचं घर मी विकत घेतलं! आधी सांगितलं असतं तर तू दहा शंका काढत बसला असतास, आणि शेवटी नेहमीसारखा हो म्हणाला असतास. फोन केला असता, पण जन्मभर लिफ्टच्या मोटारींशेजारी उभं राहून तुझे कान असे झालेत, की मी घर म्हणाले तर तू ज्वर ऐकशील आणि औषध सांगत बसशील.

दादा, तुमचा नदीकाठ बदलतोय. साबणाचा कारखाना पाडून तिथे कचेऱ्या होणार, नवा पूल होत आलाय, ट्राम तुमच्या कोपऱ्यापर्यंत येणार. इतक्या लांबून मला हे कळतं, आणि तू रोज त्याच धुळीतून फिरतोस तरी तुला पत्ता नाही! यांच्या नोकरीचा काही भरवसा राहिलेला नाही. लोकांच्या दातांत डोकावत मी तरी किती वर्षं उभी राहू? संध्याकाळी पाय भरून येतात. म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

घरात भाडेकरू आहेत म्हणे. कसे आहेत ते कळव. लक्ष ठेव, पण उगाच जीव लावू नकोस. तुझी खोड मला माहीत आहे.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी बेबी

२ मार्च

चि. बेबीस,
अ. उ. आ.

पत्र बसूनच वाचलं आणि बराच वेळ उठलो नाही. तू माझ्या पायाखालची मालकीण झालीस म्हटल्यावर घरात दणादणा चालायचं मी बंद केलंय.

जीव लावू नकोस म्हणतेस, त्याला फार उशीर झाला. खाली बाप आणि त्याची लेक राहतात. बापाला आम्ही कप्तान म्हणतो. तो नदीवर माणसं ने-आण करणारी बोट चालवायचा. नजर जाऊन बरीच वर्षं झाली, पण घरात त्याला पाहिलंस तर तुला खरं वाटणार नाही. डावा हात भिंतीवर टेकवतो आणि भरलेला कप घेऊन स्वयंपाकघरातून खोलीत येतो. थेंब सांडत नाही. त्याच्या बोटांनी भिंतीवर एक काळपट, गुळगुळीत पट्टा पडलाय. नव्या मालकिणीने त्यावर रंग देऊ नये, असा त्याचा खास निरोप आहे.

संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळतो. सोंगट्या चाचपून खेळतो पठ्ठ्या, आणि हरायला लागला की मी घोडा सरकवला म्हणून बोंब मारतो. (कधीकधी सरकवतोही.) लेक नाटकवाल्यांसाठी राजेराण्यांचे झगे शिवते. मला काका म्हणते. परवा माझ्या शर्टाची विटलेली कॉलर उलटून बसवून दिली आणि म्हणाली, काका, आता लग्नाला उभे राहा. मला आजारपणात विचारणारं याच दोघांशिवाय इथे कुणी नाही.

भाडं वेळेवर मिळेल. निर्धास्त राहा.
तुझा दादा

२० सप्टेंबर

ती. दादास,
सा. न.

पूल सुरू झाल्याचे फोटो पाहिले. काय देखणा झालाय रे! घरांचा व्यवहार पाहणारा दलाल रोज माझ्या मागे लागलाय. कायमचे भाडेकरू ठेवणं आता वेडेपणा आहे म्हणतो. पाहुणे येतात, दोन रात्री राहतात, जातात, कटकट नाही.

यांची नोकरी गेली, दादा. हे मी अजून कुणाला बोलले नाही. दिवसभर खिडकीशी बसून असतात.

त्या बापलेकींना तू सांग. मी नोटीस पाठवली तर कोरडं दिसेल. तुझ्या तोंडून त्यांना कमी लागेल. तू मला आयुष्यात कशालाच नाही म्हटलेलं नाहीस, म्हणून हक्काने लिहिते.

रागावलास तरी प्रेम कमी करू नकोस.
तुझी बेबी

११ नोव्हेंबर

चि. बेबीस,
आशीर्वाद.

नाही म्हणायचं ठरवून बसलो होतो. मग जावईबापू खिडकीशी बसलेले डोळ्यांपुढे आले, आणि खाली जाऊन सांगून टाकलं.

तुला वाटलं होतं माझ्या तोंडून कमी लागेल. लेक शिवत होती. तिने सुई कापडात टोचून ठेवली आणि विचारलं, की काका, हे तुम्ही सांगताय? बस, एवढंच. कप्तानाने मात्र मलाच धीर दिला. म्हणाला, घर तुझ्या बहिणीचं आहे, तू का तोंड पाडून बसतोस, चल डाव मांड. त्या दिवशी तो जिंकला. मी घोडा सरकवला नाही.

ते ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे राहायला गेले. मी एकदा जाऊन आलो. नव्या घरात त्याला भिंती सापडत नाहीत. लेक कामावर गेली की खुर्चीत बसून राहतो. पाण्याचा तांब्या हाताशी ठेवलेला असतो, तोही पाडतो. हा तोच कप्तान, असं वाटेना. तिने मला चहा दिला, पण काका म्हटलं नाही.

सांगितलंस ते केलं.
दादा

८ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घर ओळखू येणार नाही असं झालंय! स्वयंपाकघर आणि खोली यांतली भिंत पाडली, मध्ये दगडी ओटा घातला, सगळं कसं ऐसपैस. पुढच्या महिनाभराच्या तारखा भरल्या. यांनी पहिल्यांदा हसून जेवण केलं. साफसफाईला दलालाने बाई ठेवलीय. अधूनमधून तूही डोकावत जा.

तुझी पत्रं फार त्रोटक यायला लागलीत. माझ्यावरचा राग लांबवू नकोस, एवढं मागणं.
बेबी

१७ मार्च

चि. बेबीस,

कप्तान गेला.

लेक कामावर असताना तो एकटाच ट्रामने आला. पुलाशी उतरवा म्हणून कंडक्टरला सांगितलं. तिथून पुढे त्याला कुणी हात धरायची गरज नव्हती. सफाईवाली बाई कचरा टाकायला खाली गेली होती, दार उघडं होतं. तो आत गेला आणि त्याचा पलंग असायचा तिथल्या पलंगावर जाऊन झोपला. चोरी करायला आला नव्हता, बेबी. जोडे काढून, नीट जोडीने ठेवले होते.

तुझे पाहुणे पेट्या ओढत आले. अनोळखी म्हातारा पाहून त्यांच्यातली बाई किंचाळली, तिच्या नवऱ्याने आरडाओरडा केला. कप्तान घाबरून उठला. भिंतीला धरायला त्याने डावा हात लांब केला. भिंत नव्हती. तो तसाच पुढे गेला आणि ओट्यावर डोकं आपटून पडला.

मी वरच होतो. या कानांना काही ऐकू आलं नाही. पोलीस जिन्यात आल्यावर दार उघडलं. इस्पितळात नेलं, तो पुन्हा शुद्धीवर आला नाही.

पाहुण्यांना दुसरीकडे जागा दिली, असं तुला कळवायला दलालाने मला सांगितलंय. म्हणून कळवतो.
दादा

२९ मार्च

ती. दादास,

काय लिहू? तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं, माझ्याने वाचवेना. मी त्या माणसाला कधी पाहिलं नाही, आणि आता सारखा तोच दिसतो.

मी दलालाला बंद कर म्हणून सांगितलंय. भिंत पुन्हा बांधून घेते. त्या मुलीला म्हणावं, घर तिचंच आहे, जुन्या भाड्यात राहा, हवं तर भाडं देऊच नकोस. तू स्वतः जाऊन सांग. तुझ्या शब्दाला ती मान देईल. दादा, काहीतरी कर. मला एवढ्यातून सोडव.

तुझीच बेबी

२१ एप्रिल

चि. बेबीस,

गेलो होतो. तिने आत घेतलं, बसायला खुर्ची दिली. मी तुझं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबांना घालवायला तुम्हीच आला होतात, आता मला बोलवायलाही तुम्हीच आलात. तुमच्या बहिणीला निरोप पोचवायला दुसरं माणूस मिळत नाही का?

मी उठलो तर दारापर्यंत सोडायला आली. जिना काळोखा आहे, जपून उतरा म्हणाली. आणि पुन्हा येऊ नका, असंही म्हणाली.

भिंतीचं म्हणशील तर गवंडी येऊन मापं घेऊन गेला. कुणासाठी बांधायची, असं त्याने विचारलं. तुला विचारून सांगतो म्हटलं. घराचं यापुढे काय करायचं ते तू आणि दलाल ठरवा. माझ्याकडची किल्ली त्याच्याकडे पोचवली आहे. ठेवायची, विकायची, जे करशील त्यात मी नाही.

जावईबापूंना जप. तुझ्यावर माझी माया आहे, ती जाणार कुठे? पण पत्राच्या शेवटी लोभ वाढावा असं लिहायची आपली रीत आहे, तेवढं आज माझ्याने लिहवत नाही.

दादा