विरूपाक्षसाहेबांना दिलेला निरोप

भूकंपाची नवी वसाहत, जिल्हा लातूर
बुधवार

आदरणीय व्याही व्यंकटराव, मुक्काम मुखेड, यांना ग्यानोबाचा हात जोडून रामराम.

इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंचा खोकला थांबला का? लेकीला आणि नातवाला आशीर्वाद. थंडी बरीच पडली आहे. बारशाला मी तुम्हाला दिलेली शाल वापरता की नाही? वापरत नसाल तर उत्तमच. नवी वस्तू डब्यातच बरी राहते. (सहज विचारलं.)

मला आठ दिवस झोप नाही. आमच्या वसाहतीची घरं तपासायला सरकारने विरूपाक्षसाहेब नेमले होते, ते तुम्हाला ठाऊक आहेत. बारशाच्या आधीच्या खेपेला तुम्ही त्यांना हातोडी घेऊन भिंतीला कान लावताना पाहिलं आणि वैद्य समजलात, तेच. बावीस घरांच्या भिंती पोकळ निघाल्या. तिथे त्यांनी लाल फुली मारली आणि ठेकेदाराला पुन्हा बांध म्हणाले. तेविसावी फुली आमच्या घरावर, आमच्या मंडळींच्या, गुणाबाईच्या उशाच्या भिंतीवर. (एकदा घर अंगावर आलेल्या माणसाला फुली काय वाटते, ते लिहीत नाही.)

पुढच्याच गुरुवारी खात्याचे इंजिनियर आले आणि म्हणाले, साहेब उद्या चालले, चांगला निरोप द्या. आता आपल्याकडे कोणी निघालं की कुठे, कशाला हे विचारण्याआधी नारळ फोडतात. वयाने मोठा म्हणून साहेबांना शाल मी पांघरवली, भाषणही मीच केलं. साहेब एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं गहिवरले. पेपरात माझ्या फोटोसकट छापून आलं, तपासनीस स्वखुशीने गेले, गावाचा भावपूर्ण निरोप. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब घरी आले आणि शाल डब्यासकट परत केली. म्हणाले, "बाबा, मी चाललो नाही, मला काढलंय. कारणसुद्धा सांगितलं नाही. तारीख घालून लिहून ठेवलंय, डब्यात आहे." गुणाबाई माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्हाला शाल दिसली, माणसाचं तोंड दिसलं न्हाई का?"

मग आमदारांची समिती लातूरला आली. सरकारच्या कामावर नजर ठेवणारा माणूस सरकारनेच काढला, तर का काढला हे ते विचारतात म्हणे. खात्याकडे कारण नव्हतं. त्यांनी फायलीला पेपरातलं ते कात्रण जोडलं आणि मला हजर राहायचा कागद आला. मी निजामाच्या राज्यातला उर्दू चौथी. नात आरती लातूरला ट्यूशनला असते. ती म्हणाली, "आजोबा, पेपर कुणाचाही असो, प्रश्न ठरलेलेच असतात." तिने चाळीस संभाव्य प्रश्न काढले आणि उत्तरं क्रमाने पाठ करून घेतली. पहिलं नाव-गाव, दुसरं वय, तिसरं शिक्षण. रोज परीक्षा. शेवटच्या दिवशी चाळीसपैकी छत्तीस पडले.

समितीच्या अध्यक्ष बाई होत्या. त्यांनी नाव-गाव विचारलंच नाही, ते कागदावर होतं. एकदम म्हणाल्या, "तपासनीसांना कोणी काढलं?" मी उभा राहून खणखणीत सांगितलं, "ग्यानोबा, राहणार नवी वसाहत." "कशासाठी काढलं?" "वय सदुसष्ट पूर्ण." बाजूचा कारकून सगळं लिहून घेत होता. इंजिनियर रुमालात तोंड घालून हसत होते. बाईंनी पाणी मागवलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाबा, घाबरू नका. साहेब आता म्हणतात मला काढलं. खातं म्हणतं, हे त्यांना मागाहून सुचलं. त्या वेळचं त्यांच्या हातचं काही लेखी आहे का?" हा प्रश्न चाळिसांत नव्हता. म्हणूनच खरं उत्तर आलं. मी म्हणालो, "हाय." सोमवारी सकाळी आणा, नाहीतर कात्रणच खरं धरावं लागेल, असं सांगून त्यांनी मला सोडलं.

चिठ्ठी सुरक्षित जागी आहे. काळजी नसावी.

आपला,
ग्यानोबा

ता.क. काळजी असावी. चिठ्ठी तुमच्या घरी आहे. बारशाला खास लातूरहून आणली असं सांगून तुम्हाला दिलेली शाल ती हीच. चष्मा सापडेना म्हणून चिठ्ठी वाचायची राहिली आणि दोन दिवसांत बारसं आलं. शालीखालच्या पुठ्ठ्याच्याही खाली बघा. मुखेडच्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्या, मी स्टँडवर उभा राहतो. विहीणबाईंना यातलं काही सांगू नका.

ता.क. २. आपल्यात शाल एका घरी टिकत नाही, हे मला कळतं. बारशाला ती हातात घेऊन तुम्ही "कामाला येईल" म्हणालात, तेव्हाच मला धास्ती वाटली होती. पुढे कोणाला दिली असेल तर लाजू नका, मी तरी कुठे लाजलो? पण त्या घरी आजच जा.

ता.क. ३. ठेकेदाराचा माणूस फुल्यांवर चुना मारत आमच्या दाराशी आला आहे. गुणाबाई फुलीला पाठ लावून बसली आहे. म्हणते, सोमवारपर्यंत चुना मारायचा तर माझ्या अंगावर मारा.

ता.क. ४. नुसती चिठ्ठी पाठवून शाल ठेवून घ्या, असं आधी लिहिणार होतो. पण शालही पाठवाच. साहेब परत आले तर त्यांना पांघरवायला लागेल. या वेळी आधी तोंड बघेन.