चेंबरमधला पांढरा धोंडा आणि पंधरा दिवसांचा ठराव

ती. दाजींच्या चरणी पेणहून मोरोपंताचा दंडवत.

तुमचा गुडघा जिना चढू देतो आहे ना? ताईची साखर कशी आहे, आणि ती अजून चोरून जिलेबी खाते का, तेही कळवावे. आम्ही उभयता ठीक आहोत. (ठीक म्हणजे, गेल्या सोमवारी तळमजल्यावरच्या सुरभीच्या मोरीतून अख्ख्या इमारतीचं सांडपाणी वर आलं, तेवढं सोडून.) फोनवरच सांगितलं असतं, पण आमच्या भिंती पातळ आहेत.

आमच्या इमारतीत एकाहून एक विद्वान राहतात. दुसऱ्या मजल्यावरचा हर्षद वडे तळून उरलेलं तेल बेसिनमध्ये ओततो आणि वर कढत पाणी सोडतो. त्याच्या मते ते तेल तडक खाडीला जाऊन मिळतं. (दोन हात खाली जाऊन ते तुपासारखं थिजतं, हे मी त्याला चित्र काढून दाखवलं. चित्र छान आहे म्हणाला.) त्याची बहीण पिंकी चहाचा चोथा, भाताची शितं आणि विंचरलेले केस अशी सगळी संपत्ती मोरीला अर्पण करते. खुद्द सुरभी बाळाला पुसायचे ओले रुमाल संडासात टाकते, कारण पाकिटावर तसं छापलं आहे. (संडास तुंबल्यावर पाकीटवाल्याला बोलवायचं कसं, ते मात्र छापलेलं नाही.)

चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस हे बघत कसा बसेल? सेक्रेटरी या नात्याने मी बावीस कलमांची सूचना जिन्यात लावली आणि सभेत ठराव मांडला: ज्याच्या घरच्या घाणीने पाइप तुंबला असेल, त्याची मोरी आणि संडास पंधरा दिवस बंद, शिवाय नाव फळ्यावर. ठराव एकमताने मंजूर झाला, कारण गुन्हेगार दुसराच कुणीतरी आहे याची प्रत्येकाला खात्री होती.

मग जोहे गावचा सखा आला. हा आठ महिने गणपतीच्या कारखान्यात असतो आणि उरलेले चार महिने लोकांची गटारं उपसतो. त्याने चेंबर उघडलं. हर्षदचं तेल निघालं, सुरभीचे रुमाल निघाले, पिंकीच्या केसांची आयती वेणी निघाली. प्रत्येक वस्तूवर मी दोन शब्द बोलत होतो. तेवढ्यात सखाची सळई टक्कन वाजली. पाइपच्या वळणावर एक पांढरा धोंडा घट्ट बसला होता. सखाने तो नखाने खरवडला आणि म्हणाला, "मास्तर, ह्यो प्लास्टर हाय. बाकीचा कचरा याला आडून बसलाय."

पेणमध्ये प्लास्टर म्हटलं की संशयित कुणीही असू शकतो, असं मी लगेच जाहीर केलं. सखाने मान हलवली. "नाय. कारखान्यातला मानूस भांडं कधी धुत नाय. उरलेलं सुकू देतो, मंग आपटून खपली काढतो. धुऊन मोरीत सोडनारा कोनतरी शिकलेला हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. (इमारतीत खरा शिकलेला मी एकटाच, हे मीच त्यांना इतकी वर्षं पटवून ठेवलं होतं.) मी चौकशी ताबडतोब रविवारवर ढकलली. दाजी, लोकांना काडीची नागरी जाण नाही, याचं मनापासून दुःख होतं.

तुमचा धाकटा मेहुणा,
मोरोपंत

ता. क. : त्या प्लास्टरबद्दल. निवृत्त झाल्यावर वाटलं, जन्म पेणमध्ये गेला आणि हातून एक गणपती घडला नाही, ही लाज आहे. म्हणून एक गोणी आणून खोलीचं दार लावून करून पाहिलं. तीन वेळा सोंड बिघडली, तिन्ही वेळा घमेलं मोरीत धुतलं. प्लास्टर पाण्यानेच घट्ट होतं, हे मी दरवर्षी नववीला शिकवत आलो. घमेलं हातात असताना आठवलं नाही. फार ओशाळलो आहे.

ता. क. दुसरा : तेव्हा ताईला सांगा, शनिवारी फोन करून गंभीर आजारी पडावं आणि आम्हा दोघांना पंधरा दिवस रोह्याला बोलावून घ्यावं. (आजार तिने आवडीचा निवडावा.)

ता. क. तिसरा, वत्सलाच्या हातचा : दाजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. वन्संना आजारी पाडू नका. ह्यांचं नाव मी आज सकाळीच फळ्यावर लिहिलं आहे. माझ्या अंघोळीची सोय सुरभीने केली. ह्यांना एकट्यांनाच शनिवारच्या गाडीत बसवते. उरलेली गोणी घेतल्याशिवाय येत नाही म्हणतात, तेव्हा तुमच्या मोरीला आधी कुलूप घाला.