नांदुऱ्याच्या मांजरी

३ फेब्रुवारी

आल्या एकदाच्या! दोघी एकाच पोत्यात. वाट ध्यानात राहू नये म्हणून पोत्याचं तोंड बांधूनच आणल्या जीपवाल्या शेखरनं. खाली माह्या लेकीची, अनुपमाची जुनी पिवळी ओढणी.

उंदरायनं गोठ्यातल्या ढोरायच्या ढेपेच्या पोत्यायची चाळण केली, असं पोरीले फोनवर बोलली काय, तिनं सासरच्या मांजरीच धाडल्या! म्हणे, "आई, त्या टिकल्या त मले पाहाले येता येईन ना वं?"

पोरीनं सोताच्या पसंतीनं लग्न केलं तवापासून हे तिचं नाव घेत नाईत. म्हणून ह्यायले सांगितलं, नांदुऱ्याच्या आडत्याच्या आहेत. ओढणी माह्या पेटीत लपवली. ह्यायनं पाहिली त मांजरी गेल्याच समजा.

५ फेब्रुवारी

सारख्या ओरडून राह्यल्या. दुधाले तोंड लावत नाईत. दार उघडलं की पळाले पाहतात.

हे म्हणे, "कोन्या आडत्यानं देल्ल्या?"

"तुमाले काय करायचं?"

मांजरीकडं पाहत बसले. हा माणूस असा पाहत बसला की मले भेवच वाटते.

६ फेब्रुवारी

ओढणी पेटीत नाई! घरात आमी दोघंच. जाळली असन त माह्याशी गाठ आहे.

८ फेब्रुवारी

ओरडणं बंद. दूधही संपलं. एवढ्या अचानक शांत कशा झाल्या?

गोठ्याची कडी मी लावते तशी नव्हती. "मी त तिकडं गेलोच नाई," हे म्हणतात. अन् धोतराले भुसा! या वयात खोटं बोलाले लागले!

९ फेब्रुवारी

हे पिंपळगावच्या बाजारातून आले. बंडीच्या खिशात पुडी. काय म्हणून विचारलं त "तंबाखू" म्हणे. तंबाखू कवाचीच सोडली ह्या माणसानं!

उंदराचं औषधच आहे ते. बाई गं... लेकीवरचा राग मुक्या जनावरावर काहाले काढता? मेल्या त अनूले कोन्या तोंडानं सांगू? मंग ती कशाची येते!

१० फेब्रुवारी

हे गोठ्यात शिरले. मी फटीतून पाहिलं.

पिवळी ओढणी खाली अंथरलेली. दोघी तिच्यावर बसलेल्या. हे समोर उकिडवे. पुडीत सुकट! माळकरी माणूस, हातानं सुकट चारून राह्यला! म्हणत होते—

"खाय माय, खाय. पळून जाऊ नका. तुमी गेल्या त अनू काय पाहाले येईन?"