निळी पडलेली पट्टी

४ मार्च
शी! शी! परत माझ्याच पातेल्यात! नवऱ्याने भंगारातून झाडं कापायची जुनाट मशीन आणलीय. तिचा कार्बोरेटर दुधाच्या पातेल्यात उकळत ठेवला. वर काळी साय. 'चिकटा सुटतो,' म्हणे. शिळ्या पेट्रोलचा वास घरभर, उशीलासुद्धा. मशीनचं झाकण उघडलं तर आत उंदराचं घरटं, वाळलेल्या पिल्लांसकट. तेही पेपरवर घेऊन मला दाखवायला आला. मी जेवत होते!

५ मार्च
माझा दात घासायचा ब्रश काळा. त्याने मशीनची चेन घासली आणि परत जागेवर ठेवला!! वास आला म्हणून वाचले.

८ मार्च
एवढी घाण मी का सोसतेय ते लिहून ठेवते. जाऊबाईंच्या घरावर मेलेलं झाड कललंय. मुळं कुजलीत. मोठा वारा आला की छपरासकट जाऊबाई गाडल्या जातील. आणि खोड एवढं जाड की आमच्या नव्या मशीनची पट्टी, जिच्या कडेने चेन फिरते ती, आत कुठल्या कुठे संपते. या जुन्या धुडाची पट्टी लांब. म्हणून हे सगळं. 'वहिनी, बाहेरचा माणूस कशाला? मी आहे की!' असं छाती काढून सांगून आलाय.
झाडं पाडणं हाच आमचा धंदा. फांद्या माझ्या, खोड त्याचं. खोडाला मला हात लावू देत नाही. एकदा मशीन उचलली होती तर केवढ्याने ओरडला — 'जीवावर उदार झालीस का?'

१० मार्च
सुरू झाली! दोरी मी ओढली. 'तू ओढ, मी आवाज ऐकतो,' म्हणे. ऐदी! धूर नाकातोंडात, हादऱ्याने दात वाजले. रेडा डुरकावा तसा आवाज. बरा वाटला आवाज, खोटं कशाला बोलू.
एकच कटकट आहे. नवी मशीन चेनला आपलं आपण तेल पाजते. हिला मुठीपाशी बटण आहे, ते कापता कापता अंगठ्याने दाबत राहायचं. नाही दाबलं की चेन कोरडी, पट्टी तापून जळते. एवढं साधं.

११ मार्च
जाळली! पट्टी जाळली! पहिल्याच ओंडक्याला! निळी पडली, वाकडी झाली. 'अहो तेल! तेल दाबा!' ओरडून माझा घसा बसला. 'दाबतोय की,' म्हणे. काय दाबतोय? तेलाची टाकी तशीच काठोकाठ, थेंबभरही उतरली नाही!

१४ मार्च
भंगारवाल्याकडून दुसरी पट्टी आणली. गंजकी, कसल्याशा चिखलाने बरबटलेली. तो म्हणाला, 'ताई, ही जपा. याच्यापुढे मिळायची नाही, बनवणारेच राहिले नाहीत.' घासून घासून माझी नखं काळी. नवरा बसून बघत होता.
जेवताना चमचा पाडतो. पेला दोन्ही हातांनी धरतो, बाळासारखा. शर्टाची बटणं उघडीच. या वयात छाती दाखवत हिंडायचं! किळस येते बघून. गुपचूप तोंडाचा वास घेतला. दारूचा आला नाही. काहीतरी चघळून येत असेल.

१६ मार्च
वारा सुटला होता. झाडाची एक फांदी जाऊबाईंच्या छपरावर आदळली, पत्रा आत वाकला. त्या आल्या, कपाळावर धूळ तशीच. 'भावजी, जमत नसेल तर सांगा हो. राग नाही माझा.' हा खाली मान घालून — 'उद्या पाडतो.'
सरावाला ओंडका घेतला. परत धूर! मी धावत जाऊन मशीन बंद केली. शेवटची पट्टी, जराशी निळी झाली, वाचली. मग मात्र माझं तोंड सुटलं. अहो-जाहो गेलं खड्ड्यात. 'दारुड्या! तुझ्या हातून आता काडी तुटायची नाही!' शेजारचे बाहेर आले. येऊ देत.
तो खाली बसून मशीन पुसायला लागला. उलट चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च
सकाळी त्याच्या उजव्या अंगठ्यात लाकडाचं कुसळ दिसलं. खोल शिरून पिकलेलं, पिवळं. शी! सुई घेतली, पिळून पू काढला. साधं खरचटलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस — हूं नाही की चूं नाही.
'दुखत नाही का हो?'
'नाही.'
'कधीपासून?'
'ही मशीन आणायच्या आधीपासून.'
त्याचा अंगठा माझ्या तळहातावर टेकवला. म्हटलं, दाबा.
'दाबतोय की.'
माझ्या हाताला दाब जाणवलाच नाही.
उद्या डॉक्टर. आज झाड. वारा वाढतोय, जाऊबाईंना बाहेर काढलंय. मशीन मी उचलली. जीवावर उदार झालीस का, असं म्हणाला नाही. म्हणाला, 'मी मागे उभा राहतो. तेल तेल ओरडतो.'