लस देताना मुलीला मांडीवर धरू देण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
लसीकरण विभाग,
आरोग्य केंद्र.

विषय : येत्या गुरुवारी लस देताना मुलीला मांडीवर धरण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज.
२) आपले उत्तर : "प्रशिक्षण विभागाकडे विचारणा करावी."
३) प्रशिक्षण विभागाचे उत्तर : "लसीकरण विभागाकडे विचारणा करावी."

महोदय,

१. अर्जदार चष्म्याच्या काचा घासण्याचे काम करतो. पत्नीला शिवणकारखान्यातून रजा मिळत नाही, त्यामुळे तान्ह्या मुलीला लसीसाठी आणणे अर्जदाराकडेच असते. बाळाच्या वेदना कशा कमी कराव्यात, हा वर्ग पालकाने केल्याशिवाय आपल्याकडे लसीचा क्रमांक मिळत नाही. अर्जदाराने तो मनापासून केला. बाळाला आडवे न निजवता मांडीवर उभे धरावे, छातीशी घ्यावे, आई असेल तर तिने अंगावर पाजत राहावे, बाप असेल तर त्याने हळू आवाजात काही गुणगुणावे आणि स्वतः घाबरू नये, असे परिचारिकाबाईंनी रबरी बाहुलीवर शिकवले. अर्जदाराला गाणे येत नाही. त्याने काच घासण्याच्या यंत्राचा आवाज काढला. बाहुलीचे सांगता येत नाही, पण मुलगी घरी त्या आवाजाने शांत होते.

२. प्रत्यक्ष लसीच्या दिवशी मात्र घोडे अडले. लसीकरण खोलीच्या दाराशी पिवळी पट्टी ओढलेली आहे. तिच्या अलीकडूनच बाळ आतल्या मावशींच्या हाती द्यायचे आणि दार लागले की बाहेर उभे राहायचे, असा नियम आहे. चौकशी करता कळले की पूर्वी एक गृहस्थ सुई पाहून चक्कर आल्याने लसींच्या ट्रेवर पडले, तेव्हापासून पालकांना आत मनाई झाली. त्या गृहस्थांबद्दल तक्रार नाही. परंतु पोहायला शिकवून विहिरीवर झाकण घालावे, तसे हे झाले. रखवालदार भला माणूस आहे. तो म्हणाला, "दादा, तुमचं खरंय, पण पट्टी काही मी ओढली नाही."

३. अर्जदाराने बंद दाराबाहेरून यंत्राचा आवाज काढून पाहिला. त्यावरून "आवारात विनाकारण आवाज केल्याबद्दल" त्यास समज देण्यात आली. नंतर अर्ज केला, तर हात दाखवून अवलक्षण झाले. प्रशिक्षण विभागाने विचारणा आपल्याकडे परत धाडली, पण अर्जदाराची बाळ धरण्याची पद्धत उत्कृष्ट आहे असा शेरा मारून त्यास दर बुधवारी नव्या पालकांना शिकवायला बोलावले. परिचारिकाबाई म्हणाल्या, "भाऊ, नाही म्हणू नका, तुमच्यासारखं कुणी धरत नाही." अर्जदाराला नाही म्हणता आले नाही. आता दर बुधवारी तो बाहुली मांडीवर घेऊन बसतो. गेल्या बुधवारी एका नव्या आईने विचारले, "मग तुमच्या बाळाला कमी दुखलं का हो?" अर्जदार म्हणाला, "बाहेरून कळत नाही, ताई." सगळा वर्ग हसला. अर्जदाराने थट्टा केली नव्हती.

४. तरी विनंती की गुरुवारी अर्जदारास आत घ्यावे. हवे तर सुईकडे पाठ करून बसवावे, खुर्चीला बांधावे. चक्कर येणार नाही असे लिहून देण्यास तो तयार आहे. हे जमत नसल्यास दार तेवढे उघडे ठेवावे, म्हणजे मुलीला बापाचे तोंड दिसेल. तेही जमत नसल्यास आतल्या मावशींनी तिला निजवण्याऐवजी मांडीवर घ्यावे. अर्जदार त्यांना फुकट शिकवील.

५. यांतले काहीच नियमात बसत नसेल, तर मुलगी परत देताना सुई कोणत्या मांडीला दिली, एवढे तरी सांगावे. मागच्या खेपेस ती रडत बाहेर आली. अर्जदाराने शिकल्याप्रमाणे तिला छातीशी घट्ट धरले. ती जास्तच रडू लागली, म्हणून त्याने आणखी घट्ट धरले आणि तसेच घरापर्यंत नेले. घरी दुपटे सोडले तेव्हा कळले, की वाटभर त्याचा पंजा सुईच्या जागेवरच दाबलेला होता. अर्जदाराला स्वतःचा हात नकोसा झाला.

उत्तर गुरुवारच्या आत मिळावे, ही हात जोडून विनंती.

आपला नम्र,
पट्टीच्या अलीकडे उभा असलेला,
(सही)
मुलीचा बाप

दिनांक : मंगळवार
सोबत : बाळ धरण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, शेरा "उत्कृष्ट".